खारातली नारिंगी कॉलनी : प्रकल्प नोंदी

१६ मे २०२४

भांगाचे, म्हणजे कमी भरतीचे, दिवस धरून गेलो. उधाणात खाडीचं पाणी बांधाच्या माथ्याला टेकतं, उघाडीजवळ, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ, उभंही राहता येत नाही, असं काकांनी फोनवरच बजावलं होतं. धरमतर खाडीच्या अलिबागकडच्या अंगाला त्यांचं तीन एकर खार आहे, म्हणजे बांध घालून खाडीपासून राखलेली जमीन. पावसाळ्यात भात, एरवी मोकळं. सकाळी सातला पोचलो तेव्हा शेतभर मिठाचा पातळ पापुद्रा धरला होता. चपलेखाली तो कुरकुरतो आणि खाली लगेच ओली, काळपट, चिकट माती लागते.

पाच ठिकाणी पापुद्रा खरवडून बाजूला केला. स्पिरिटने पुसून ज्योतीवर धरलेल्या खुरपीने पाच ते पंधरा सेंटिमीटर खोलीवरची माती काढली. माती परीक्षणासाठी असे नमुने एकत्र कालवतात. आम्ही प्रत्येक जागेची पिशवी वेगळी ठेवली, कारण पुढे काही सापडलं तर ते नेमकं कुठलं हे सांगता आलं पाहिजे. पिशव्या बर्फाच्या पेटीत.

काकांनी विचारलं, "खतासाठी तपासणार का, बाई?" मीठ सोसणारे जिवाणू शोधतोय म्हटल्यावर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मीठ सोसणारं भात शोधा की. पनवेलची जात लावतो, ती बरीच सोसते. पण बांधाला खांड गेली की तीही जळते." पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या जाती इथे घरोघरी माहीत आहेत. त्यांना खोटी आशा लावावीशी वाटेना. म्हटलं, आधी इथे कोण कोण राहतं ते कळू दे. त्यांनी मान डोलावली आणि पाचव्या जागेसाठी स्वतःच बोट दाखवलं : "इथलं घ्या. इथे भात कधीच धरत नाही."

१७ मे

संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मोजली. चार डेसीसीमेन प्रति मीटरच्या वर गेली की जमीन खारट धरतात. काकांनी दाखवलेल्या पाचव्या जागेची २२ आली, बाकी चार जागांची १२ ते १६. सामू (पीएच) ७.६.

दहा ग्रॅम माती ९० मिलीलीटर पाण्यात, पण पाण्यात ५ टक्के मीठ घालून. साध्या पाण्यात टाकलं तर मिठाला सरावलेल्या पेशी पाणी ओढून फुटायची भीती. तिथून दहा-दहा पट पातळ करत एक लाखापर्यंत गेलो. प्रत्येक नमुन्याचा एक भाग ८० अंशांवर दहा मिनिटं धरला, म्हणजे बीजाणू (उष्णता सोसणारं सुप्त रूप) करणारे तेवढे मागे राहतात. प्लेटा दोन प्रकारच्या : मरीन अगार आणि १० टक्के मिठाचं न्यूट्रिअंट अगार. ३० अंशांवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून, नाहीतर आठवड्यात अगार सुकून मिठाचे खडे धरतात.

मातीतले बहुतेक जिवाणू प्लेटवर उगवतच नाहीत. जे उगवतील त्यांचीच ही नोंदवही आहे, हे आताच लिहून ठेवते.

२५ मे

आठव्या दिवशी पाचव्या नमुन्याच्या एका प्लेटवर, तापवलेल्या भागातून, एक कॉलनी, म्हणजे जिवाणूंचा वाढलेला ठिपका. दोन मिलीमीटर, गोल, कडा नितळ, मधे किंचित उंच. रंग पिकायला आलेल्या हापूसच्या देठाजवळ असतो तसा नारिंगी. प्लेट खिडकीकडे तिरकी धरली की वरून ओलसर चमक दिसते. लूप लावला तर लोण्यासारखी सहज उचलली जाते, तार धरत नाही. बाजूला पंधरावीस पांढऱ्या आणि पिवळट कॉलन्या आहेत. त्या बहुधा ओळखीच्या निघतील.

विद्यार्थिनीने हिला के-१४ नंबर दिला. चौदावी म्हणून, दुसरं कारण नाही.

३ जून

चार वेळा स्ट्रीक करून झालं, म्हणजे कॉलनी उचलून नव्या प्लेटवर रेघांनी पसरवून. ग्रॅम पॉझिटिव्ह, सडपातळ काडी. मॅलाकाइट ग्रीनने बीजाणू हिरवे उठून दिसले, पेशीच्या टोकाकडे. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात लगेच फेस, म्हणजे कॅटलेज हे विकर आहे.

१२ जून

पावसाने जोर धरलाय. डीएनए काढला, हव्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढायला पीसीआर लावला. प्रायमर नेहमीचे, २७एफ आणि १४९२आर. जेलवर दीड हजार बेसच्या (डीएनएच्या अक्षरांच्या) जागी स्वच्छ पट्टा. १६एस आरआरएनए जीनचा तुकडा सिक्वेन्सिंगला पाठवला.

विद्यार्थिनीने विचारलं, हाच जीन का. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवणारं यंत्र, प्रत्येक पेशीला लागतोच आणि १६एस हा त्याचाच भाग, म्हणून हा जीन प्रत्येकीत असतो. आणि त्यात बदल इतके सावकाश होतात की लांबच्या नात्यांचाही माग लागतो. कार्ल वोझ यांनी १९७७ साली याच रेणूच्या तुलनेवरून जीवसृष्टीची एक अख्खी शाखा वेगळी ओळखली, ती पुढे आर्किया झाली.

२२ जून

निकाल आला आणि जीव खाली गेला. ग्राफमध्ये तीनशेव्या बेसच्या पुढे एकावर एक दोन-दोन शिखरं. म्हणजे नमुन्यात दोन डीएनए, म्हणजे के-१४ शुद्ध नाहीच.

दुपारी जुन्या प्लेटा काढून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. नारिंगी कॉलनीच्या कडेला, तिच्या खालून डोकावणारी, पांढुरकी, जवळजवळ पारदर्शक अशी दुसरी वाढ आहे. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आम्ही दर वेळी मोठी, छान नारिंगी कॉलनी उचलत होतो आणि ती ही सोबतीण घेऊनच येत होती. चूक माझी आहे. चार स्ट्रीक म्हणजे शुद्ध, असं धरून चालले आणि मायक्रोस्कोपखाली एकदाच पाहिलं. ३ जूनच्या चाचण्या बाद. लाल शाईने खूण केली.

२३ जून ते १५ जुलै

रोज स्ट्रीक, रोज मायक्रोस्कोप. मिठाचं प्रमाण १५ टक्क्यांवर नेलं तेव्हा पांढरी मागे पडली आणि नारिंगी टिकली. तिथून तीन वेळा एकेकटी कॉलनी. आता दर वेळी एकाच घाटाच्या पेशी दिसतात. सगळ्या चाचण्या पहिल्यापासून, निकाल तेच आले, पण आता त्यांवर भरवसा ठेवता येतो. उणे ८० च्या फ्रीजरमध्ये ग्लिसरॉलचे वीस व्हायल.

२६ जुलै

शुद्ध सिक्वेन्स हाती आला. १,४६० बेस. प्रमाण स्ट्रेनच्या (ज्या वाणावरून जातीचं वर्णन केलं जातं त्याच्या) सिक्वेन्सशी जुळवून पाहिल्यावर सर्वांत जवळची हॅलोबॅसिलस ट्रूपेरी, ९८.१ टक्के. तिच्याखाली हॅलोबॅसिलस लिटोरॅलिस, ९७.८.

विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, ९८ म्हणजे तीच की." वरवर तसंच वाटतं. पण १,४६० बेसमध्ये १.९ टक्के म्हणजे जवळपास २८ जागी फरक, आणि हा जीन मुळातच हट्टी, सहसा न बदलणारा. १९९४ पासून ९७ टक्क्यांची रेघ धरत. त्याच्या खाली असेल तर नवी जाती मानायची. पुढे जीनोमशी, म्हणजे पेशीच्या सगळ्या डीएनएशी, पडताळा घेऊन २०१४ साली ती रेघ ९८.६५ पर्यंत वर सरकली. आमची त्या रेघेच्या खाली आहे. मात्र यावरून फक्त पुढे तपासायची परवानगी मिळते. नवी आहे असं म्हणायला अजून काहीच हातात नाही.

ट्रूपेरी आणि लिटोरॅलिस या दोघी अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या. याच कुळातली हॅलोफिलस मात्र जर्मनीच्या उत्तर समुद्राकाठच्या खारट दलदलीच्या मातीतली, म्हणजे तिथल्या खाजणातली. तिला वाढायला क्लोराइड लागतंच, त्यावर पुष्कळ काम झालंय. नकाशावर ही दोन ठिकाणं आणि धरमतर खाडी बराच वेळ बघत बसले. पाणी येतं, उन्हाने आटतं, मीठ उरतं. जिथे हे घडतं तिथे यांचं घर.

६ ऑगस्ट

संदर्भ म्हणून दोन्ही शेजारणींचे प्रमाण स्ट्रेन आले. वर्णन लिहिताना जुन्या लेखातले आकडे उचलून चालत नाही. एकाच लॅबमध्ये, एकाच माध्यमावर, एकाच दिवशी तिघींना बसवावं लागतं. काचेची अँप्यूल ज्योतीवर तापवली, टोकावर गार पाण्याचा थेंब सोडला, टक् करून तडा गेला. आत कापसाखाली चिमूटभर पांढरी भुकटी. त्यात द्रव माध्यमाचे चार थेंब.

१९ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. बंदरावर गर्दी, कॉलेजला सुट्टी, पण मी प्लेटा बघायला आले. मिठाची उतरंड अशी : शून्य टक्क्याला के-१४ अजिबात नाही, १ टक्क्याला जेमतेम, ८ ते १० ला जोरात, २२ ला अगदी सावकाश, २५ ला नाही. तापमान १५ ते ४५ अंश, ३७ ला उत्तम. सामू ६ ते ९.५.

एका संदर्भ स्ट्रेनचा ४५ अंशांचा निकाल तिच्या मूळ वर्णनाशी जुळेना. शोधलं तेव्हा कळलं की शनिवारी रात्री वीज सहा तास नव्हती आणि इनक्युबेटर निवला होता. के-१४ आम्ही त्या दिवशी वेगळ्या, बॅटरीवरच्या इनक्युबेटरमध्ये ठेवली होती. हे लक्षात आलं नसतं तर विजेचा फरक दोन जातींमधला फरक म्हणून छापून गेला असता. ४५ अंशांचा संच परत लावला, तिघी एकाच कप्प्यात.

२२ ऑगस्ट

काकांचा फोन. पौर्णिमेच्या उधाणात बांधाला खांड गेली. रात्री दोन वाजता पंचवीसतीस जण पेंढा आणि माती घेऊन उभे होते, तरी पाणी थांबलं नाही. तीन एकरांवर गुडघाभर खारं पाणी, पोटरीत आलेलं भात त्याखाली. मी काय बोलणार. ओहोटीला उघाडी उघडून पाणी काढतील, पण पीक गेलं.

२० सप्टेंबर

गणपतीच्या सुट्टीनंतर कामाला लागलो. फॅटी ॲसिड, क्विनोन आणि पेशीभित्तिकेच्या तपासण्या दुसऱ्या लॅबकडून होऊन आल्या. मुख्य फॅटी ॲसिड अँटिआयसो-सी१५:०, क्विनोन एमके-७, भित्तिकेत ऑर्निथिन हे अमिनो आम्ल. हे शेवटचं महत्त्वाचं. बॅसिलसच्या बहुतेक गणगोतात तिथे मेसो-डायअमिनोपिमेलिक ॲसिड असतं. १९९६ साली हॅलोबॅसिलस ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) वेगळी काढली तेव्हा ऑर्निथिन ही तिची एक खूण होती. २०२० मध्ये बॅसिलस प्रजाती फोडून कितीतरी नव्या प्रजाती केल्या गेल्या, त्यामुळे प्रजातीचा प्रश्न गृहीत धरून चालत नाही. इथे रसायन आणि १६एस एकाच दिशेला बोट दाखवतायत. के-१४ हॅलोबॅसिलसच.

१४ ऑक्टोबर

जीनोम आला. ३.९ मेगाबेस, म्हणजे ३९ लाख बेस, त्यांत जी आणि सी या अक्षरांचा वाटा ४२.३ टक्के. पहिल्यांदा पाहिलं ते जीनोममधला १६एस आमच्या पीसीआरच्या १६एसशी जुळतो का. जुळतो, अक्षरन् अक्षर. जूनमधला धक्का अजून अंगात आहे.

मग शेजारणींच्या जीनोमशी तुलना. ही संध्याकाळ सविस्तर लिहिते.

पूर्वी दोन जिवाणूंचे डीएनए तापवून सुटे करायचे, एकत्र निववायचे आणि ते एकमेकांशी किती गुंफतात ते मोजायचे. १९८७ साली ठरलं की ७० टक्के किंवा त्याहून जास्त गुंफले तर एक जाती. ते काम फार किचकट, लॅब बदलली की आकडा बदलायचा. आता तेच गणित संगणकावर करतात, त्याची रेघ तीच ७०. दुसरं माप म्हणजे दोन्ही जीनोमचे तुकडे करून जुळणाऱ्या तुकड्यांची सरासरी समानता. तिची रेघ ९५ ते ९६ टक्के.

ट्रूपेरीशी सरासरी समानता ८७.९. संगणकावरचं गुंफण ३३.६. लिटोरॅलिसशी दोन्ही आकडे याहून खाली. कुळातल्या ज्या ज्या प्रमाण स्ट्रेनचे जीनोम उपलब्ध आहेत त्या सगळ्यांशी एकेक करून लावलं. कुठेच रेघेच्या जवळपासही नाही. साडेआठला शेवटचा आकडा आला. विद्यार्थिनी घरी गेली होती, तिला फोन केला. ती काही न बोलता रडायला लागली आणि मग माझेही डोळे भरले.

२१ ऑक्टोबर

जीनोममध्ये एक्टोइन बनवणारे तिन्ही जीन ओळीने बसलेले सापडले. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं. खारात पेशीचंही तसंच व्हायला हवं. पण या कुळातले जिवाणू एक्टोइन, प्रोलिन, ग्लुटामेट असे पेशीच्या कामात अडथळा न आणणारे रेणू आत साठवतात, म्हणजे आतलं पाणी बाहेरच्या मिठाकडे ओढलं जात नाही. मिठाचं प्रमाण वाढेल तसा साठा वाढतो. काकांच्या शेतात मे महिन्यात विद्युतवाहकता २२ आणि भरपावसात त्याच्या कितीतरी खाली, असं दर वर्षी होतं. इतक्या वर-खाली होणाऱ्या जागी टिकायचं तर हा साठा पटापट करता आणि सोडता यायला हवा. हे प्रयोगाने बघायचंय, या प्रकल्पात बसणार नाही.

२४ नोव्हेंबर

एकाच स्ट्रेनवर जातीचं वर्णन करता येतं, नियमात बसतं. पण मला ते लंगडं वाटतं. एक स्ट्रेन म्हणजे एक माणूस बघून गावाचं वर्णन करण्यासारखं. दुसरी मिळवायची म्हणून आज, पुन्हा भांगाला, खारात गेलो.

बांध श्रमदानाने बांधून झालाय, नवी माती अजून पिवळी दिसते. काकांच्या तीन एकरांत भाताचे खुंट नाहीत, करपलेली रोपं आडवी पडून वाळली आहेत. बांधापलीकडच्या उंचावरच्या शेतांत कापणी झाली, मळणी चालू आहे. काका पाचव्या जागेवर आमच्याआधीच उभे होते. तिथली माती घेतली, शिवाय खांडीच्या आतल्या बाजूची आणि शेजारच्या दोन खारांची. विद्युतवाहकता पाचव्या जागेची १७, खांडीजवळची १९. मे महिना नसतानाही एवढी.

१२ डिसेंबर

नावाचा विचार. लॅटिन रूप लागतं, प्रजातीच्या लिंगाशी जुळतं लागतं, आधी कोणी वापरलेलं नसावं. संशोधकाने स्वतःचं नाव देऊ नये असा संकेत आहे आणि तो चांगला आहे. जागेचं नाव द्यायची रीत जुनी. पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये ज्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध मिळालं त्याचं नावच स्ट्रेप्टोमायसिस पिम्प्रिना. विद्यार्थिनीला कोकणावरून नाव हवंय. मला कोकण फार मोठं वाटतं. ही सावंतवाडीच्या लाल मातीतली नाही, रत्नागिरीच्या कातळावरचीही नाही. ही बांधामागच्या खारातली आहे.

२० डिसेंबर

जमा करण्याची कागदपत्रं. प्रमाण स्ट्रेन दोन देशांतल्या दोन मान्य साठ्यांत ठेवावा लागतो, त्याशिवाय नाव वैध होत नाही. एक पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात. परदेशी साठ्यासाठी जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जायचं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीलाही कळवलं. वेळ लागेल.

६ जानेवारी २०२५

खांडीजवळच्या मातीच्या प्लेटवर, १५ टक्के मिठावर, तीन नारिंगी कॉलन्या. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली कडा पाहिल्या, खालून काही डोकावत नाही. तरी पाच वेळा स्ट्रीक करायचं ठरलंय.

२९ जानेवारी

पाचव्या स्ट्रीकनंतर सिक्वेन्स. के-१४ शी ९९.९ टक्के. हिचा नंबर के-६२. पाचव्या जागेच्या नव्या मातीत मात्र काहीच मिळालं नाही, दोनदा लावूनही. जीनोमसाठी के-६२ चा डीएनए पाठवला.

१७ फेब्रुवारी

काका अलिबागच्या बाजाराला आले होते, लॅबमध्ये डोकावले. के-६२ ची प्लेट दाखवली. झाकण न उघडता कितीतरी वेळ उजेडात धरून बघत होते. "हा रंग शेतात कधी दिसला नाही," म्हणाले. मग कुठली माती, ते विचारलं. मी अक्षांश-रेखांश सांगायला लागले तसे ते थांबवून म्हणाले, "त्या खाराला नाव आहे बाई. सात-बाऱ्यावर नाही, पण आजोबा म्हणायचे." नाव सांगितलं. मी दोनदा विचारून लिहून घेतलं, उच्चार बरोबर आहे ना ते त्यांच्याकडून म्हणवून घेतलं. विद्यार्थिनीने आधीच्या यादीत शोधलं, अशा नावाची एकही जाती नाही. लेख छापून येईपर्यंत ते इथे लिहीत नाही.

१९ फेब्रुवारी

के-१४ आणि के-६२ मधली सरासरी समानता ९८.८. एकच जाती.

पुण्याच्या फॉर्ममध्ये उगमस्थानाचा रकाना भरला : भातशेतीची खार माती, धरमतर खाडी, आणि पुढे काकांनी सांगितलेलं नाव. व्हायल बर्फात बांधले. कुरियर दुपारी तीनला गेलं.